कंपन्यांची मुलींसाठीची स्कॉलरशिप खरंच भेटते का? बहिणीच्या नर्सिंगसाठी विचारतो आहे

मारेगावकर:

नमस्कार मंडळी. पोस्ट लंबी आहे पण पूर्ण वाचा, घरात रोज याच्यावरूनच वाद होऊन राहिले म्हणून इथं टाकतो.

माझी लहान बहीण यंदा बारावी सायन्स झाली, ७८ टक्के पडले. कॉलेज तालुक्याचंच, ट्यूशन बिशन काही नाही, सोयाबीन सोंगणीच्या अन् कापूस वेचणीच्या दिवसात मायसोबत वावरात जायची आणि रात्री अभ्यासाला बसायची. नीटमध्ये एमबीबीएसपुरते मार्क आले नाहीत पण तिला नर्सच व्हायचं आहे हे ती दहावीपासून सांगते, बी.एस्सी. नर्सिंगची सीईटी तिनं दिली आणि कॅप राउंडमध्ये, म्हणजे सरकारी प्रवेश फेरीत, नागपूरचं कॉलेज लागेल असं वाटते. आता अडचण अशी की वावर चार एकर कोरडवाहू, सोसायटीचं कर्ज डोक्यावर आहे, मी वणीला एका दुकानात कामाला आहे आणि माझ्या पगारावर घर कसंबसं निघते. आम्ही ओबीसी, उत्पन्नाचा दाखला ८४ हजाराचा.

तिच्या मॅडमनं सांगितलं की मोठ्या कंपन्या मुलींना शिकायला पैसे देतात, वर्षाला लाख दीड लाखापर्यंत, वापस करायचे नसतात. मी मोबाईलवर शोधलं तर इतक्या वेबसाइट निघाल्या की कोणती खरी कोणती खोटी काही समजेना, एका ठिकाणी तर फॉर्मच्या आधी ५०० रुपये रजिस्ट्रेशन मागून राहिले. बाबा म्हणतात कंपनी फुकट पैसे काऊन देईल, उद्या म्हणतील आमच्याच दवाखान्यात इतके वर्ष नोकरी कर नाहीतर पैसे व्याजासकट भर, पोरगी आहे, आपण कोणाच्या मागं धावणार. शेजारचे काकाही तेच सांगून राहिले की बॉन्ड लिहून घेतात. त्यात एक स्थळ पण आलं आहे, मुलगा चांगला आहे म्हणतात, म्हणून घरचे घाईत आहेत.

तर ज्यांच्या घरच्या मुलीला अशी स्कॉलरशिप भेटली आहे त्यांनी सांगा. बॉन्ड असतो का, पैसे कधी येतात, ७८ टक्क्यांवर कुठं कुठं फॉर्म भरता येईल. आणि बाबांना काय सांगू?

हिंगणघाटची_सिस्टर:

भाऊ, मी नागपूरला स्टाफ नर्स आहे, गाव हिंगणघाट तालुक्यातलं, माझं पूर्ण नर्सिंग एका ट्रस्टच्या स्कॉलरशिपवर झालं, त्या ट्रस्टला कंपन्यांचाच पैसा येतो. बॉन्ड नव्हता. नोकरी मी माझ्या मनानं शोधली, ट्रस्टनं कधी विचारलं पण नाही की अमुक दवाखान्यातच जा. दरवर्षी मार्कशीट आणि फीची पावती मागायचे, एखाद दोन कार्यक्रमांना बोलवायचे, बस. बॉन्ड असेल तर तो फॉर्मच्या नियमांत लिहिलेला असतो, तुम्ही नियम पूर्ण वाचा आणि बाबांसमोर मोठ्यानं वाचून दाखवा.

पण मी तुम्हाला आधी दुसरं सांगते. तुमच्या बहिणीची फी हा तुमचा मोठा प्रश्न नाहीच आहे! ८ जुलै २०२४ चा शासन निर्णय आहे, ओबीसी, ईडब्ल्यूएस आणि एसईबीसी मधल्या ज्या मुलींच्या घरचं उत्पन्न ८ लाखाच्या आत आहे त्यांना प्रोफेशनल कोर्सला शिक्षण शुल्क आणि परीक्षा शुल्क १०० टक्के माफ. अट एकच पक्की लक्षात ठेवा, ऍडमिशन कॅपमधूनच पाहिजे. मॅनेजमेंट कोट्यातून घेतली की गेलं सगळं, आणि खाजगी विद्यापीठ किंवा अभिमत विद्यापीठ असेल तरी हे लागू नाही. कॅपमध्ये लागेल त्याच कॉलेजला जा, कोणी एजंट म्हणेल की मी चांगल्या ठिकाणी करून देतो तर हात जोडा. महाडीबीटी या राज्य सरकारच्या पोर्टलवर फॉर्म भरावा लागतो, आपोआप काही माफ होत नाही.

मग पैसे लागतात कशाला? तर होस्टेल, मेस, दोन तीन जोड युनिफॉर्म, बूट, डिपॉझिट, पुस्तकं (नर्सिंगची पुस्तकं लई महाग), पोस्टिंगला जायचं यायचं भाडं, आणि मोबाईलचा रिचार्ज कारण अर्ध्या नोट्स ग्रुपवर येतात. हे सगळं पहिल्या महिन्यापासून लागते. आमच्या बॅचला ज्या मुली सोडून गेल्या त्यातली एकही नापास होऊन नाही गेली, मेसचे पैसे थकले म्हणून गेल्या, घरचे म्हणाले दिवाळीला घरी ये मग पाहू, आणि मग वापस आल्याच नाहीत. मला अजून त्या मुली आठवल्या की राग येतो, कारण त्यातली एक तर माझ्यापेक्षा हुशार होती.

म्हणून कंपनीची स्कॉलरशिप बघताना हे बघा की पैसा होस्टेलला चालतो का. तुमच्या बहिणीला बसणारी एक सांगते, कोटक कन्या स्कॉलरशिप. कोटक एज्युकेशन फाउंडेशन देते, वर्षाला दीड लाख, बारावीला ७५ टक्के आणि घरचं उत्पन्न ६ लाखाच्या आत, फक्त पदवीच्या पहिल्या वर्षाच्या मुली, आणि बी.एस्सी. नर्सिंग त्यात आहे. फी, होस्टेल, पुस्तकं, प्रवास, लॅपटॉप सगळ्याला तो पैसा चालतो. पण कॉलेजला नॅक (दर्जाची मान्यता) किंवा एनआयआरएफ (केंद्राची कॉलेजांची क्रमवारी) पाहिजे, आणि इथंच आपल्याकडच्या मुली अडकतात, कॉलेजला नॅकच नसते. तेव्हा कॅपचे ऑप्शन भरायच्या आधी प्रत्येक कॉलेजचं नॅक बघून घ्या, फोन करून विचारा, लाजू नका. लोरियलची पण मुलींसाठी आहे सायन्सला, अडीच लाखाची, पण तिथं ८५ टक्के लागतात म्हणून तुम्हाला नाही बसणार.

आणि ५०० रुपये मागणारी वेबसाइट बंद करा. खरी स्कॉलरशिप फॉर्मचे पैसे घेत नाही. ओटीपी पण कोणाला सांगू नका.

कोरपना_कास्तकार:

सिस्टरताईंनी चांगलं समजावून सांगितलं. मी तुमच्या बाबांच्या प्रश्नाचं उत्तर देतो, कंपनी फुकट काऊन देईल.

फुकट नाही देत, कायद्यानं देते. कंपनी कायदा २०१३ चं कलम १३५ आहे. ज्या कंपनीची नेटवर्थ ५०० कोटी किंवा उलाढाल १००० कोटी किंवा निव्वळ नफा ५ कोटी, यातलं एक जरी असलं तरी तिला मागच्या तीन वर्षांच्या सरासरी नफ्यातले २ टक्के समाजाच्या कामाला लावावे लागतात, १ एप्रिल २०१४ पासून हे सुरू आहे. यालाच सीएसआर म्हणतात. शिक्षण हे त्या कामांच्या यादीत आहे आणि सगळ्यात जास्त सीएसआर ज्या एक दोन गोष्टींवर जाते त्यात शिक्षण आहे. म्हणजे तुमच्या बाबांनी असं समजू नये की कोणी उपकार करून राहिलं आहे आणि उद्या तो उपकार फेडावा लागेल. हा हिशोब सरकारला द्यावा लागतो, वेबसाइटवर टाकावा लागतो. पोरीनं मान खाली घालायचं काही कारण नाही.

आता माझं दुखणं सांगतो. त्याच कलमात लिहिलं आहे की कंपनी जिथं काम करते त्या भागाला प्राधान्य द्यावं. आमच्या कोरपना राजुऱ्याला सिमेंटचे कारखाने, तुमच्या वणीला कोळशाच्या खाणी, धूळ आमच्या कपाशीच्या पानावर बसते, ट्रकांनी रस्ते फुटले, सायकलवर जाणाऱ्या पोरी रस्त्याच्या कडेला उतरून उभ्या राहतात. मग त्या रस्त्यावरच्या पोरींना पहिला हक्क पाहिजे की नाही? सीएसआर महाराष्ट्रात लय येते हे खरं आहे, देशात सगळ्यात जास्त आपल्याच राज्यात, पण ते मुंबई पुण्याच्या आजूबाजूला. गावात काय येते तर बाकडे, वॉटर कूलर, शाळेच्या भिंतीला रंग आणि त्याच्यावर मोठा बोर्ड. बाकडे वाईट नाहीत. पण एका पोरीचं चार वर्षांचं होस्टेल त्या रंगापेक्षा जास्त कामाचं आहे असं मी ग्रामसभेत उभं राहून बोललो आहे आणि पुढंही बोलीन.

दुसरं, हे टक्क्यांचं. ७५ पाहिजे, ८५ पाहिजे. जी पोरगी पहाटे उठून पाणी भरते, सकाळी भाजी भाकर करून पाच किलोमीटरवरच्या स्टॉपवर जाते, घरी आली की लहान भाऊ सांभाळते तिचे ५८ टक्के म्हणजे शहरातल्या किती टक्क्यांच्या बरोबर धरायचे? अन् ती बी.ए.ला गेली तर तिच्यासाठी काय आहे? सगळ्या चांगल्या चांगल्या स्कॉलरशिपा इंजिनिअरिंग आणि मेडिकलच्या. मला वाटते कंपन्यांनी मार्क कमी बघावे आणि घर जास्त बघावं.

घाटंजीचे_गुरुजी:

कोरपनाकर भाऊंचं बोलणं मनातलं आहे. मी हायस्कूलला शिकवतो, मुलींचे फॉर्म भरून द्यायचं काम आता माझ्या गळ्यातच पडलं आहे आणि मला ते आवडते. पण बी.ए.वाल्या मुलीसाठी काहीच नाही असं नाही, म्हणून लिहितो, कारण हे वाचून एखादी मुलगी फॉर्मच भरायची नाही.

रिलायन्स फाउंडेशनची अंडरग्रॅज्युएट स्कॉलरशिप आहे, दरवर्षी ५००० मुलामुलींना, पूर्ण पदवी मिळून २ लाखापर्यंत. बारावीला ६० टक्के पाहिजे, कोणतीही शाखा चालते, बी.ए. पण चालते, फक्त पदवी नियमित पाहिजे आणि मूल पहिल्या वर्षाला पाहिजे. उत्पन्नाची मर्यादा १५ लाख आहे पण अडीच लाखाच्या आतल्यांना प्राधान्य. ऑनलाइन परीक्षा द्यावी लागते, तिथं आपल्या मुली इंग्रजीला घाबरतात आणि मोबाईलची रेंज जाते म्हणून मी त्यांना तालुक्याला नेऊन चांगल्या नेटवर बसवतो. दुसरी एचडीएफसी बँकेची परिवर्तन, तिथं ५५ टक्के आणि अडीच लाखाच्या आत उत्पन्न, साध्या पदवीला वर्षाला ३०,००० आणि प्रोफेशनलला ५०,०००, शाळेतल्या मुलांनाही आहे पहिलीपासून. तुमच्या बहिणीनं दोन्हीकडे भरावं. वर्धा, अमरावती, नागपूर जिल्ह्यातल्या कोणी मुली वाचत असतील तर लीला पूनावाला फाउंडेशन बघा, १९९५ पासून फक्त मुलींसाठी काम करते, पुण्यासोबत आपल्या या तीन जिल्ह्यांत आहे. यवतमाळचं नाव त्यात नाही याचं मला वाईट वाटते. अझीम प्रेमजी फाउंडेशनची पण मुलींसाठी आहे, वर्षाला ३०,०००, टक्क्यांची मोठी अट नाही, सरकारी शाळेतून दहावी बारावी पाहिजे. पण २०२५ च्या राज्यांच्या यादीत महाराष्ट्र नव्हता, पैनगंगेच्या पलीकडे तेलंगणातल्या मुलींना भेटते आणि अलीकडच्या आमच्या मुलींना नाही. महाराष्ट्र त्यात यावा असं मनापासून वाटते.

आता टक्क्यांचं. ५८ टक्के बारावीला पडतात पण ते ठरतात सातवी आठवीत. आठवीत एनएमएमएसची परीक्षा असते, केंद्र सरकारची, निवड झाली तर नववी ते बारावी वर्षाला १२,००० खात्यात. उत्पन्न साडेतीन लाखाच्या आत. आमच्याकडे कित्येक शाळा फॉर्मच भरत नाहीत, कारण भरला की शिकवावं लागते. राज्याची सावित्रीबाई फुले शिष्यवृत्ती आहे मागास प्रवर्गातल्या मुलींना, पण कित्येक वर्षं पाचवी ते सातवीला महिन्याला ६० रुपये आणि आठवी ते दहावीला १०० रुपयेच होते, त्यात एक वही आणि पेन यायचा. म्हणजे कंपन्यांचा लाखाचा पैसा बारावीनंतर उभा आहे आणि मधल्या वर्षांत, जिथून मुली खऱ्या गळतात, तिथं हे. सातवी झाली की गावातली शाळा संपते. पुढच्या शाळेची एसटी मुलींना फुकट आहे, अहिल्याबाई होळकर योजनेत बारावीपर्यंत, मानव विकासच्या निळ्या बसही आहेत. पण शाळा पाचला सुटते आणि गाडी साडेसहाला येते, हिवाळ्यात तेव्हा अंधार. एका मुलीचं नाव मी स्वतः स्कॉलरशिपला पाठवलं होतं, निवडही झाली, पण बापानं तोवर शाळा बंद केली होती. शाळा बंद व्हायचं कारण पैसा नव्हताच, एसटीची वेळ होती.

भाऊसाहेब पंजाबराव देशमुखांनी अमरावतीला श्रद्धानंद छात्रालय उभं केलं होतं ते याच्याचसाठी. खेड्यातल्या लेकराला शिकवायचं तर आधी शहरात झोपायला जागा आणि दोन टाइम जेवण पाहिजे, हे त्यांनी त्या काळात ओळखलं. शासनाच्या वसतिगृह निर्वाह भत्त्याला त्यांचंच नाव आहे. कंपन्यांनी पण हेच धरावं असं माझं मत आहे, फीची पावती मागण्यापेक्षा तालुक्याच्या आणि जिल्ह्याच्या ठिकाणी मुलींची चांगली होस्टेल चालवावी.

मारेगावकर, तुम्ही ओबीसी आहात तर ज्ञानज्योती सावित्रीबाई फुले आधार योजना पण बघा. सरकारी वसतिगृहात नंबर नाही लागला तर खोली आणि जेवणासाठी पैसे खात्यात येतात, नागपूर धरून मोठ्या शहरांत वर्षाला ६०,०००. बारावीला ६० टक्के पाहिजे. जिल्ह्याला जागा मोजक्या, ६००, म्हणून लवकर भरा.

मारेगावकर:

सगळ्यांचे लय आभार, इतकं कोणी समजावून सांगेल असं वाटलं नव्हतं. कलम १३५ चं रात्री बाबांना वाचून दाखवलं, ते गप ऐकत होते, मग म्हणाले कायद्यानं देतात तर ठीक आहे. बॉन्डचा विषय तेवढा संपला. आता म्हणतात नागपूरला एकटी पोरगी कशी राहील, यवतमाळलाच जीएनएम, म्हणजे नर्सिंगचा डिप्लोमा, करू दे, रोज जाणं येणं करेल.

माझा अजून एक प्रश्न, कागदपत्रं काय काय लागतील? बहिणीचं बँक खातं जनधनचं आहे, आईसोबत काढलेलं. अन् पैसे दिवाळीच्या आधी येतील का, कारण मी मालकाकडून उचल मागणार आहे, किती मागू ते ठरवायचं आहे.

सेतूवाला_पांढरकवडा:

कागदपत्रांचं मी सांगतो, रोजचंच काम आहे. उत्पन्नाचा दाखला तहसीलदाराच्या सहीचा चालू वर्षाचा, मागच्या वर्षीचा ३१ मार्चला संपला असेल ते बघा, यातच निम्मे फॉर्म रिजेक्ट होतात. दहावी बारावीची मार्कशीट, टीसी, आधार, रहिवासी म्हणजे डोमिसाइल, जातीचा दाखला, नॉन क्रिमिलेअर, कॉलेज लागलं की अलॉटमेंट लेटर, बोनाफाइड, फीची पावती आणि होस्टेलची पावती. होस्टेलची पावती वेगळी मागून घ्या, कॉलेज एकाच कागदावर सगळं लिहून देते आणि मग कंपनीवाले विचारतात यातलं होस्टेल किती. बापाच्या नावात शाळेत एक आणि आधारवर एक असं असेल तर आताच दुरुस्त करा, आपल्याकडे रामदास आणि रामदासजी यावरून पण फॉर्म अडकलेले मी पाहिले आहेत.

खातं बहिणीच्या एकटीच्या नावाचं पाहिजे. जॉइंट खात्यावर घोळ होते. आधार बँकेला लिंक असणं वेगळं आणि एनपीसीआयला सीडिंग (आधारवर येणारा पैसा कोणत्या खात्यात जाईल त्याची नोंद) असणं वेगळं, सरकारी पैसा सीडिंगवर येतो, दोन खाती असतील तर ज्याला सीडिंग आहे त्यातच जाईल. लाडकी बहीणचे पैसे आईच्या भलत्याच खात्यात गेले असे किती तरी केस आमच्याकडे आले, ते याच्यामुळेच. बँकेत जाऊन फॉर्म भरून द्या. कंपनीचा पैसा बहुतेक पासबुकवरच्या खात्यात किंवा सरळ कॉलेजच्या खात्यात येतो.

फॉर्ममध्ये जो मोबाईल नंबर टाकाल तो बंद पडला नाही पाहिजे. इंटरव्ह्यूचा फोन त्याच्यावर येते. मुली भावाचा नंबर टाकतात, भाऊ कामावर असते, फोन उचलत नाही, संधी गेली. तिच्याजवळचा नंबर द्या. आणि बहुतेक फॉर्म बडी४स्टडी नावाच्या साइटवर असतात, तिथं फुकट भरता येते, तुमच्या जवळच्या सेंटरवाल्यानं स्कॅनिंग अपलोडचे पैसे घेतले तर ठीक, पण स्कॉलरशिप मंजूर करून देतो म्हणून टक्केवारी मागितली तर उठून या.

दर्यापूरची_आई:

मी कधी लिहित नाही, फक्त वाचते. पण यवतमाळला जाणं येणं करेल हे वाचलं म्हणून लिहिते.

माझे मिस्टर गेले तेव्हा मुलगी नववीत होती. कर्जानं गेले, जास्त लिहित नाही. सासरच्यांनी सांगितलं की पोरीला दहावी झाली की उजवून टाक, तुझ्या डोक्याचा भार कमी होईल. मी अंगणवाडीत मदतनीस आहे, महिन्याला काय भेटते ते सगळ्यांना माहीत आहे. मुलीच्या शाळेतल्या सरांनी बँकेच्या स्कॉलरशिपचा फॉर्म भरून दिला, त्यात विचारतात की मागच्या तीन वर्षांत घरात काही संकट आलं का, त्याचा कागद जोडायचा असते. मृत्यूचा दाखला जोडताना माझा हात चालत नव्हता, पण मुलगी म्हणाली आई, बाबांच्या नावानं निदान माझं शिक्षण तरी होऊ दे. मंजूर झालं. आज ती अमरावतीला बी.फार्मच्या तिसऱ्या वर्षाला आहे.

होस्टेलला सोडताना मी पण घाबरले होते. मग मी काय केलं, ऍडमिशनच्या आधी तिला घेऊन जाऊन होस्टेल पूर्ण फिरून पाहिलं, रेक्टरबाईंशी बोलले, त्यांचा नंबर घेतला, आमच्याच तालुक्याच्या दोन मुली तिथं होत्या त्यांच्या खोलीत बसून चहा प्याले. गेट किती वाजता बंद होते, आजारी पडली तर कोण नेते, जेवण कसं आहे, सगळं त्या मुलींनीच सांगितलं. तुम्ही बाबांना आणि आईला दोघांनाही नागपूरला घेऊन जा. फोनवर सांगून त्यांना पटणार नाही, डोळ्यानं पाहू द्या. आई आली पाहिजे, बाबा एकटे गेले तर गेटपासूनच वापस येतील.

आणि भाऊ, रोज जाणं येणं म्हणजे सकाळी पाचला घर सोडणं आणि रात्री आल्यावर भांडे घासणं, कारण घरी असलेल्या मुलीला काम सांगितलंच जाते, कोणी मुद्दाम नाही करत पण होते. होस्टेलला माझ्या मुलीला पहिल्यांदा पूर्ण संध्याकाळ अभ्यासाला भेटली. स्थळ चांगलं असेल तर थांबेल, मुलाला विचारा ना तुम्हीच की नर्स झालेली बायको चालते का.

हिंगणघाटची_सिस्टर:

ताई, तुमचं वाचून डोळे भरले.

मारेगावकर, उचलीचं सांगते. दिवाळीच्या आधी एकही पैसा येणार नाही असंच धरून चाला. बहुतेक फॉर्म जुलै ते ऑक्टोबरच्या मधात असतात, मग छाननी, मग फोनवर इंटरव्ह्यू, कुठं कुठं घरी येऊन पाहतात, पैसा हातात यायला जानेवारी फेब्रुवारी उजाडते. महाडीबीटीचं तर त्याच्याही पुढं जाते. तेव्हा कॉलेजला पहिल्या दिवशी भरायचं डिपॉझिट, युनिफॉर्म आणि सहा महिन्यांची मेस एवढ्याची सोय तुम्हाला आज करावी लागेल. कॉलेजच्या ऑफिसात लेखी अर्ज द्या की शुल्कमाफीला पात्र आहे, शिक्षण शुल्क आगाऊ घेऊ नये, अर्जाची पोच घ्या. काही कॉलेज आधी पूर्ण फी भरा मग वापस देऊ म्हणतात, तसं करायचा नियम नाही, शासन निर्णयाची प्रिंट सोबत ठेवा. मेसचे पैसे महिन्या महिन्यानं घेता का हे रेक्टरला विचारा, बहुतेक जण ऐकतात. मालकाकडून उचल कमी घ्या आणि बचत गटातून आईच्या नावावर भेटते का बघा, व्याज कमी पडते आणि पगार कटत नाही.

जीएनएम वाईट नाही, चांगल्या नर्स तिथूनही होतात. पण डिप्लोमा आहे, मी वर सांगितलेली कोटक कन्या पदवीलाच आहे, ती जाईल. पुढं कम्युनिटी हेल्थ ऑफिसर व्हायचं असो की शिकवायला जायचं असो, बी.एस्सी.वालीला रस्ता सरळ आहे, जीएनएमवालीला आधी पोस्ट बेसिक, म्हणजे डिप्लोमानंतरची बी.एस्सी., करावं लागते. तिला नागपूर लागत असेल तर सोडू नका.

इंटरव्ह्यूची तयारी करून घ्या. मराठीत बोललं तरी चालते, हिंदीत चालते, आधीच सांगायचं की मी मराठीत बोलीन. विचारतात काय तर घरी कोण कोण आहे, उत्पन्न कशाचं, हाच कोर्स का, दुसरी कोणती स्कॉलरशिप भेटते का. दुसरी भेटत असेल तर खरं सांगायचं, लपवलं आणि नंतर निघालं तर दोन्ही जातात. वावरात काम करते हे सांगायला लाजू देऊ नका, मुली लपवतात.

मारेगावकर:

ताई, रविवारी आई बाबांना घेऊन नागपूरला जातो, दुकानातून सुट्टी घेतली. आई पहिल्यांदाच नागपूर पाहणार आहे. नॅकचं दोन कॉलेजला फोन करून विचारलं, एकाकडे आहे, एकाकडे नाही, ऑप्शनमध्ये नॅकवालं वर टाकलं. बहिणीच्या नावाचं वेगळं खातं उद्या काढतो. इंटरव्ह्यूची तयारी तुम्ही तिच्याकडून फोनवर करून घ्याल का, तिला तुमच्याशी बोलायचं आहे.

हिंगणघाटची_सिस्टर:

हो, नक्की. मेसेजमध्ये नंबर पाठवते. या आठवड्यात माझी नाइट आहे, दुपारी चारनंतर फोन करायला सांगा. अन् रविवारी होस्टेल पाहून झालं की मला सांगा, ड्युटी नसेल तर मी येऊन आईंना भेटते.